ग्रामसभा गेली, आता खबर कोण देणार?

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाचे दोन तालुके आहेत. एक अर्जुनी मोरगाव आणि दुसरी सडकेवरची, म्हणून सडक अर्जुनी. मुंबईहून कोलकात्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून सहा नंबरचाच हायवे आहे, कागदोपत्री आता ५३. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. आसपास धानाची शेती, तेंदूपत्ता, विडीचे काम आणि नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल. मुसलमानांची वस्ती या जिल्ह्यात थोडीच. जी आहे ती गोंड, बौद्ध, कुणबी, पोवार अशा सगळ्या शेजाऱ्यांमध्ये मिसळून राहणारी.

गेल्या काही वर्षांत या गावात एक बदल झाला. तो सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचा पूर्ण अर्थ फार थोड्या घरांपर्यंत पोहोचला आहे. गाव तालुक्याचे ठिकाण असल्याने ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आणि पंचांच्या जागी नगरसेवक आले. नगरपंचायतीत १७ प्रभाग, प्रत्येक प्रभागाचा एक नगरसेवक. मागच्या निवडणुकीत २१ डिसेंबर २०२१ रोजी मतदान झाले. ओबीसी आरक्षणाच्या वादामुळे काही जागांचे मतदान १८ जानेवारी २०२२ ला घ्यावे लागले आणि दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली.

गाव शहर झाल्याचा आनंद मोठा होता. मात्र त्याबरोबर एक गोष्ट हातून निसटली, ती म्हणजे ग्रामसभा.

काय गेले?

ग्रामसभेला आपण कितीही नावे ठेवली, गर्दी होत नाही, दोन-चार जणच बोलतात, भांडणे होतात, असे म्हटले, तरी तिच्यामागे कायद्याचे बळ होते. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागत. गणपूर्तीसाठी गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजर लागत. सभा न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकत होते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणे बंधनकारक होते. म्हणजे एखाद्या विडी कामगार बाईला, शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही वर्षातून चार वेळा उभे राहून विचारता येत होते, ‘आमच्या गल्लीच्या नालीचे काय झाले?’

नगरपंचायतीत असे नाही. तिथे सर्वसाधारण सभा होते ती नगरसेवकांची. ठराव ते मांडतात, मत ते देतात. आपण मतदार पाच वर्षांतून एकदा बोट काळे करून येतो आणि पुढे सभागृहात काय चालले आहे हे कोणी सांगितले तरच आपल्याला कळते.

राज्य सरकारला ही उणीव दिसली नव्हती असे नाही. शहरातल्या मतदारांनाही ग्रामसभेसारखी जागा असावी म्हणून २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली. पण पुण्यासारख्या शहरात, जिथे नागरिक संघटना जाग्या आहेत आणि वर्तमानपत्रे रोज लिहितात, तिथेही ‘नगरसेवकांनी क्षेत्रसभा घ्याव्यात’ ही मागणी वर्षानुवर्षे करत राहावी लागली. मग लहान गावातल्या प्रभागात हे आपोआप होईल, अशी आशा धरून बसणे कितपत शहाणपणाचे?

म्हणून आमचे म्हणणे असे, की ग्रामसभा गेल्यानंतर नगरसेवक हाच आपल्या मोहल्ल्याचा खबर देणारा माणूस उरला आहे. रस्ता, नाली, दिवे ही त्याची कामे आहेतच. पण लोकांना वेळेवर आणि खरी माहिती देणे हे त्याचे पहिले काम आहे. ती त्याची मेहरबानी नाही, त्याच्याकडे ठेवलेली अमानत आहे.

खबर उशिरा आली की काय होते?

माहिती न मिळाल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. थोडे हिशेबाने पाहू.

ग्रामपंचायतीच्या काळात घराचा उतारा म्हणजे नमुना आठ. नगरपंचायत आल्यावर मालमत्ता कराची आकारणी नव्या पद्धतीने होते. घराची मोजणी होते, कराची यादी लागते, तिच्यावर हरकत घेण्यासाठी मुदत असते. मुदत गेली की चुकीचे क्षेत्रफळ, चुकीचे नाव तसेच राहते. पुढे वाटणीच्या वेळी किंवा बँकेच्या कर्जाच्या वेळी तेच नाव छळते. बापाच्या नावावरचे घर मुलांच्या नावावर करायचे राहून गेलेली कितीतरी कुटुंबे आपल्या समाजात आहेत. त्यांना ही यादी लागल्याची खबर त्याच दिवशी मिळायला हवी.

घरकुलाचेही तसेच. गावात असताना पंतप्रधान आवास योजना ग्रामीण, आता शहरी. कागद वेगळे, अटी वेगळ्या, कार्यालयही वेगळे. जुन्या यादीत नाव आहे म्हणून निश्चिंत बसलेल्या माणसाला ती यादी आता आपल्या कामाची राहिली नाही, हे कोणीतरी येऊन सांगावे लागते.

जन्म-मृत्यूची नोंद घ्या. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर एक पैसाही लागत नाही. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत धावपळ. २०२५ च्या जानेवारीत तर अशा उशिराच्या नोंदींचे दाखले देण्याचे काम राज्यात काही काळ थांबवलेच होते आणि पुढे नियम अधिक कडक झाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळेतला प्रवेश, आधार, मतदार यादी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची खबर दवाखाना देतो. घरी जन्मलेल्या बाळाची खबर घरच्यांनीच द्यायची असते. शिवाय दाखल्यावर नाव कसे लिहिले गेले, आधारवर कसे आहे, शाळेत कसे आहे, हे तिन्ही जुळणे किती महत्त्वाचे, हे आज कुठल्याही मुस्लिम कुटुंबाला वेगळे सांगायला नको. ज्या प्रभागात नगरसेवक बाळंतपणाच्या घरी ‘मुबारक हो’ म्हणायला जातो आणि उठताना ‘एकवीस दिवसांच्या आत नोंद करून घ्या, नाव आधारप्रमाणेच लिहा’ एवढे सांगतो, त्या प्रभागातल्या मुलांचे वीस वर्षांनंतरचे हेलपाटे त्याने आजच वाचवलेले असतात.

लाडकी बहीण योजनेचे उदाहरण तर ताजे आहे. २०२४ च्या जुलैपासून पात्र महिलांना महिन्याला १५०० रुपये मिळू लागले. २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. आधी १८ नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर अशी मुदत होती. या कामी पती किंवा वडील यांचाही आधार क्रमांक लागत होता. ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत, ज्यांचा तलाक झाला आहे, त्यांच्यासाठी वेगळी सोय होती. मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा होता. ज्या बाईला याची सर्वात जास्त गरज, तिच्याच घरी मोबाईल नाही, वाचून दाखवणारा माणूस नाही. तिच्यापर्यंत हा एक निरोप पोहोचणे आणि न पोहोचणे यात महिन्याच्या किराण्याचा फरक आहे.

आणखी एक. अल्पसंख्याक बहुल नागरी वस्त्यांत पाणी, नाल्या, दिवे, कब्रस्तानची दुरुस्ती अशा मूलभूत कामांसाठी राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची योजना आहे. त्यासाठी प्रस्ताव नगरपालिका, नगरपंचायतीकडून जावा लागतो. वस्तीला योजनाच ठाऊक नसेल तर मागणी कोण करणार? मागणी नसेल तर प्रस्ताव जात नाही आणि प्रस्ताव नसेल तर निधी शेजारच्या गावाला जातो. अशा वेळी कोणी आपल्यावर अन्याय केला असे म्हणण्याआधी आपल्याला खबर होती का, हे विचारावे लागते.

असे करणारे होते, आहेत

नगरपालिकेचा सदस्य लोकांच्या पैशाचा राखणदार असतो, ही कल्पना आपल्या महाराष्ट्रात नवी नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. तेव्हा निवडणूक नव्हती, सरकार सदस्य नेमत असे. तरीही व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या पैशातून खर्च करण्याचा प्रश्न आला तेव्हा जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या सरकारने नेमले त्याच सरकारच्या पाहुण्याच्या खर्चावर बोट ठेवायला जिगर लागते.

अलीकडचे उदाहरण मुंबईचे. २००७ च्या महापालिका निवडणुकीत जुहू परिसरातल्या रहिवाशांनी कुठल्याही पक्षाची वाट न पाहता आपला अपक्ष उमेदवार उभा केला आणि निवडून आणला. त्यांचे नाव अडॉल्फ डिसोझा. नगरसेवकाच्या निधीतून कोणते काम आधी घ्यायचे हे रहिवाशांच्या समितीबरोबर बसून ठरवायचे, अशी ही पद्धत होती. तिथे नगरसेवकाला लोकांना खबर द्यावी लागण्याचा प्रश्नच उरत नाही. लोक खबरीच्या आतच असतात.

कोणी म्हणेल, जुहू कुठे आणि सडक अर्जुनी कुठे! मग शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात जाऊ. धानोरा तालुक्यातले मेंढा लेखा हे छोटे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ हे त्यांचे घोषवाक्य देशभर गेले. गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तिथे दोन गोष्टी रुजल्या. ग्रामसभेत निर्णय सर्वांच्या सहमतीने घ्यायचा, आणि त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा. कायदा काय म्हणतो, कागद काय म्हणतो, हे आधी कळले पाहिजे, मग हात वर करायचा. याच जोरावर २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा लेखाचे नाव लागले. तिथे ना मोठे शहर होते, ना शिकल्यासवरलेल्यांची गर्दी. होती ती बसून बोलण्याची सवय.

अफवेची जागा

खरी खबर जिथे जात नाही तिथे अफवा आधी पोहोचते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरच्या अफवेने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती भिक्षेकरी माणसे होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयातच ठार मारले गेले. ज्या खोलीतून गावाला खरी खबर मिळायची, त्याच खोलीत हे घडले.

याउलट उदाहरण भिवंडीचे. १९८४ च्या दंगलीने होरपळलेले हे शहर. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि पोलीस नियमाने एकत्र बसू लागले. नळाचे भांडण असो की मिरवणुकीचा मार्ग, आधी तिथे बोलणे होऊ लागले. १९९२-९३ मध्ये जवळची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. सूरह हुजुरातमध्ये खबर आणणाऱ्याची खबर तपासून घेण्याची ताकीद आहे, ती आपण खुत्ब्यात ऐकतो. पण तपासायचे म्हटले तर कोणाला विचारायचे, तो माणूसही मोहल्ल्यात असला पाहिजे. सगळ्या समाजांचा विश्वास असलेला नगरसेवक तो माणूस होऊ शकतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगू. नगरसेवक आपल्या जमातीचा असो वा नसो, तो आधी प्रभागाचा असतो. मुस्लिम नगरसेवकाने बौद्ध शेजाऱ्याच्या घरकुलाची खबर त्याच दिवशी द्यावी आणि कुणबी नगरसेवकाने मस्जिदीच्या गल्लीतल्या पाण्याची. जिथे आपली घरे थोडी आहेत, तिथे आपले भले याच नियमात आहे.

काय करता येईल?

फार खर्चाचे काही नाही. पूर्वी गावात मुनादी व्हायची, डोंडी पिटली जायची. आज महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक कागद पुरे. प्रभागातल्या हातपंपाजवळ, मस्जिदीच्या आणि विहाराच्या बाहेर, किराणा दुकानात, अंगणवाडीत तो लावावा. त्यावर साध्या मराठीत चार गोष्टी असाव्यात. मागच्या सभेत आपल्या प्रभागाविषयी काय ठरले. कोणते काम मंजूर झाले, किती रुपयांचे आणि कधी पूर्ण होणार. कोणती मुदत जवळ आली आहे. आणि चौथी, सर्वात अवघड गोष्ट, काय झाले नाही आणि का. ‘नाही झाले, निधी आला नाही’ असे लिहिण्याची हिंमत करणाऱ्या नगरसेवकावर लोक चिडत नाहीत. लोक चिडतात ते ‘होते आहे, होते आहे’ या उत्तरावर.

व्हॉट्सअॅपचा गट असावा, पण त्यावरच थांबू नये. गट घरातल्या पुरुषाच्या फोनमध्ये असतो आणि फोन त्याच्याबरोबर कामावर जातो. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. नगरसेविका असेल तर तिने स्वतः घराघरांत जावे, अंगणात दहा बायका जमवून बोलावे. पुष्कळ ठिकाणी बाई निवडून येते आणि सभेत, कार्यालयात, गल्लीत तिचे शोहरच कारभार पाहतात. लोकांनी मत ज्या बाईला दिले, खबरही तिच्याच तोंडून यावी. पडद्यातल्या बायकांपर्यंत ती जशी जाऊ शकते तसा दुसरा कोणी जाऊ शकत नाही. ग्रामसभेआधीची महिलांची सभा गेली, तिची जागा अशाच बैठका भरून काढू शकतात.

आता आपली बाजू. नगरसेवक दिसला की नालीची तक्रार सांगायची आणि बैठक बोलावली की घरात बसायचे, हे चालणार नाही. प्रत्येक गल्लीतून दोन माणसे, त्यात एक बाई, खबर घेण्या-देण्यासाठी ठरवून द्यावीत. शिकलेल्या मुलामुलींनी गल्लीतल्या घरांची एक वही करावी. कोणाचे रेशनकार्ड अपुरे, कोणाचा जन्मदाखला नाही, कोणाचे नाव मतदार यादीत चुकले, हे त्यात असावे. नगरसेवकाला अशी वही मिळाली तर त्याचे अर्धे काम झाले.

आणि खबर मिळतच नसेल तर? तर कायदा आपल्या बाजूने आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे कार्यालयाने आपली माहिती न मागता जाहीर करायची असते. नाही केली तर १० रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्कही नाही. सभेचे इतिवृत्त, कामाचे अंदाजपत्रक, ठेकेदाराचे देयक, हे सगळे मागता येते. २०१८ च्या नोव्हेंबरमधल्या शासन निर्णयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कागद पाहण्याची सोयही केली होती. दाखले वेळेत मिळावेत म्हणून २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे.

हे सगळे हक्क भांडणासाठी नाहीत. अर्ज करण्याआधी नगरसेवकाच्या दारी जाऊन सलाम करावा, चहा घ्यावा, नीट विचारावे. तो सांगत असेल तर त्याची साथ द्यावी. चांगला नगरसेवक लोकांच्या प्रश्नांनी घडतो. पाच वर्षे कोणी काही विचारलेच नाही, तर भला माणूसही ठेकेदारांच्या संगतीत बसू लागतो.

सडक अर्जुनीसारख्या गावांत पुढची निवडणूक येईल, तेव्हा उमेदवार हात जोडून दारात उभे राहतील. रस्ता, पाणी, दिव्यांची वचने देतील. त्यांना एकच प्रश्न विचारा. ‘भाऊ, ताई, निवडून आल्यावर महिन्याला एक कागद लावाल का?’ आणि निवडणुकीची वाट पाहण्याचीही गरज नाही. हाच प्रश्न आजच्या नगरसेवकाला येत्या जुम्याच्या आधी विचारता येतो. कागद लागला, तर तो वाचायला गल्लीतल्या मुलांना पाठवा आणि घरी आल्यावर दादी-नानीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.